नाकारलेला खेळाडू

फुटबॉल म्हटला म्हणजे पायाने मारावयाचा वाटोळा चेंडू आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे उभा राहील. अमेरिकेत त्या नावाचा खेळ निराळा आहे. तेथील चेंडू लांबट असतो. तो हातात घेऊन धावावयाचे अथवा सोबत्याकडे फेकावयाचे आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्यास धरून पाडावयाचे, अशी त्याची रीत. डाव रचून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. या जागी कीर्ती मिळविलेल्या जॉनी युनायटस याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

युनायटसचा जन्म ७ मे १९३३ रोजी पिट्सबर्ग येथे लिथुएनियन वंशाच्या कुटुंबात झाला. तो पाच वर्षांचा असताना वडील वारले. आईने पतीचा कोळशाचा धंदा पुढे चालवून चार मुलांस वाढविले. सेंट जस्टिन या कॅथोलिक शाळेत त्याचे शिक्षण झाले.

१९५५ साली पिट्सबर्ग स्टीलर्स या गावच्याच संघाने त्याला निवडले खरे. पण मोसम सुरू होण्यापूर्वीच काढून टाकले. तोवर त्याचे लग्न झाले होते. प्रपंचासाठी तो बांधकामावर मजुरी करी आणि एका स्थानिक संघात सामन्यामागे ६ डॉलर घेऊन खेळे. खेळ मात्र त्याने सोडला नाही.

१९५६ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्स संघाने त्याला बोलाविले. मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला, तेव्हा याची पाळी आली. त्याने फेकलेला पहिलाच चेंडू प्रतिपक्षाने पकडून गुण मिळविले! दुसरा एखादा खचला असता. हा खेळत राहिला. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्क येथील अजिंक्यपदाच्या सामन्यात शेवटचे सात सेकंद उरले असता बरोबरी झाली. जादा वेळात त्याने ८० यार्ड चाल करून संघाला २३-१७ असा विजय मिळवून दिला. १९५६ ते १९६० या काळात सलग ४७ सामन्यांत त्याच्या फेकीवर गुण झाले. हा विक्रम २०१२ पर्यंत अबाधित राहिला.

या कीर्तीचे मोलही त्याने चुकविले. १९६८ मध्ये उजव्या कोपरास जबर दुखापत झाली आणि उतारवयात त्या हाताने वस्तू घट्ट धरणेही त्याला कठीण झाले. ११ सप्टेंबर २००२ रोजी त्याचे निधन झाले.

ज्या घरी मुलाला नोकरीत किंवा परीक्षेत नकार मिळाला असेल, तेथील मातापित्यांस आम्ही इतकेच सांगू इच्छितो : नकार हा माणसांचा निर्णय असतो आणि माणसांची पारख चुकू शकते. आणि मूल यशस्वी झाले, तर त्याच्या कौतुकाबरोबर त्याच्या देहाचीही काळजी वाहा.