मोबाईल आहे, रिचार्ज आहे, व्हिडिओही सुरू आहे... तरी पोराच्या डोक्यात का शिरत नाही? कारण समजून घ्या

वर्धा : दहावी-बारावीचे व्हिडिओ आता घरोघरी पोचले आहेत. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत कोणत्याही गावात जा, संध्याकाळी एखादं तरी पोरगं मोबाईलवर गणित किंवा विज्ञान बघताना दिसतं. नवोदय, स्कॉलरशिप, पोलीस भरती, नीट, सगळ्यांचे क्लास मोबाईलवर मिळतात. आईवडील पोटाला चिमटा घेऊन फोन घेऊन देतात, रिचार्ज मारतात. मग निकालाच्या दिवशी वाद होतो, "एवढा मोबाईल दिला, तरी मार्क का नाही?"

पोरगं आळशी आहे, असा शिक्का मारण्याआधी एक गोष्ट समजून घेणं गरजेचं आहे. शिकणं फक्त डोक्याने होत नाही. भीती, लाज, आनंद, कौतुक, एकटेपणा हे सगळं शिकण्यात हात घालतं. ऑनलाइन शिक्षणात नेमकी हीच बाजू सुटून जाते.

भावना आणि डोकं वेगळं नाही

एक साधा प्रयोग करून बघा. घरातल्या लहान पोराला विचारा, गेल्या तान्हा पोळ्याला नंदी कसा सजवला होता? तो रंगापासून झुलीपर्यंत सगळं सांगेल. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा एकदा बघितलेलं पोरगं तिथले भलेमोठे नंदी विसरत नाही. आता त्यालाच विचारा, मागच्या मंगळवारी तिसऱ्या तासाला काय शिकवलं? उत्तर येणार नाही.

पोरगं तेच, मेंदूही तोच. फरक एवढाच, की पोळ्याच्या दिवशी मन भरलेलं होतं.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. समोर येणारी गोष्ट महत्त्वाची आहे का, धोक्याची आहे का, हे ओळखण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. नवी आठवण पक्की करण्याचं काम तो करतो. ज्या गोष्टीने मन हललं, ती "जपून ठेव" असा इशारा एकाकडून दुसऱ्याला मिळतो. ज्याचं काहीच वाटलं नाही, ते हिप्पोकॅम्पस सहसा सोडून देतो.

मेंदूचे डॉक्टर अँटोनियो दामासिओ यांनी असे रुग्ण तपासले, ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. त्यांची बुद्धी चाचणीत चांगली येत होती, बोलणंही व्यवस्थित होतं. पण भावना मंदावली होती. ही माणसं रोजच्या जगण्यात चुकीचे निर्णय घेत राहिली आणि चुकीतून शिकेनात. दामासिओ आणि मेरी हेलन इमॉर्डिनो-यांग यांनी २००७ मध्ये हाच धागा शिक्षणाशी जोडून दाखवला. भावना बाजूला काढली, की शिकलेलं वापरताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

भीतीने काय होतं?

थोडी काळजी चांगलीच असते. परीक्षा जवळ आली की हात चालतो, तो त्यामुळेच. पण भीती हाताबाहेर गेली की उलटं होतं. शरीरात कॉर्टिसॉलसारखी ताणाची द्रव्यं वाढतात. हिशेब करताना आकडे डोक्यात धरून ठेवायला जी जागा लागते, ती जागा काळजीच व्यापून टाकते. ही जागा मुळातच लहान असते. एका वेळी चार-पाच गोष्टी मावल्या म्हणजे खूप.

म्हणून घरी बरोबर सोडवलेलं गणित फळ्यासमोर येत नाही. "बाबा मारतील", "सगळे हसतील" या दोन विचारांनीच जागा भरून जाते, मग पाढा कुठे ठेवणार?

लाज तर भीतीपेक्षा वाईट. भीती परीक्षेनंतर उतरते, लाज मनात घर करते. "मी ढ आहे" असं एकदा पोराने मनाशी धरलं, की तो प्रश्न विचारणं बंद करतो. मग वर्गात मागे बसतो, मग गैरहजर राहतो, आणि एक दिवस शाळा सुटते. गावात शाळा सोडणाऱ्या प्रत्येक पोराच्या मागे फक्त पैशाची अडचण नसते. काही वेळा ही न सांगितलेली लाजही असते.

पडद्यावर काय हरवतं?

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. एका गटासमोर प्रत्यक्ष बाई बसून खेळणी दाखवत, पुस्तक वाचत बोलत होती. दुसऱ्या गटाला तशाच बायांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. बारा बैठकांनंतर पहिल्या गटातली बाळं चिनी उच्चारांतला फरक ओळखू लागली. पडद्यावाल्या गटाला काहीच आलं नाही.

मोठी मुलं व्हिडिओवरून शिकू शकतात, हे खरं. पण पोर जितकं लहान, तितकी त्याला समोर जिवंत माणसाची गरज जास्त.

वर्गातली चांगली बाई शिकवताना चेहरे वाचत असते. तिसऱ्या बाकावरच्या पोरीच्या कपाळावर आठी दिसली, की ती थांबते, दुसरं उदाहरण देते. व्हिडिओतला माणूस थांबत नाही. पोराला समजलं नाही हे त्याला कळत नाही. पोराला मात्र वाटतं, "सगळ्यांना समजलं, मलाच नाही." शेजारी मित्र असता तर कळलं असतं, की त्यालाही समजलं नाही.

करोनाच्या काळात हे आपण सगळ्यांनी बघितलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. गावातल्या पहिली ते चौथीच्या शाळा उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" म्हणून दीक्षा ॲप आलं, व्हॉट्सॲपवर अभ्यास आला, सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" मालिका आली. गुरुजींनी धडपड केली, हे कोणी नाकारणार नाही. पण ज्या घरात एकच फोन आणि तो बापासोबत वावरात, तिथे पोराची शाळा संध्याकाळी सातला भरायची. भाऊ-बहीण दोघं असले, की फोन बहुतेक वेळा भावाच्या हाती.

परिणाम आकड्यात दिसला. "असर" या देशभरातल्या ग्रामीण पाहणीनुसार, तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. शाळा पुन्हा भरल्या, गुरुजी समोर आले, आणि २०२४ मध्ये हा आकडा २७.१ पर्यंत वर आला.

मोबाईलच्या जमेच्या बाजू

सगळं वाईट आहे असं नाही. व्हिडिओ थांबवता येतो, दहा वेळा मागे नेता येतो. चुकलं तर कोणी हसत नाही. वर्गात तोंड न उघडणारी लाजाळू पोरगी गुरुजींना मेसेज करून प्रश्न विचारते, असं अनेक शिक्षक सांगतात. गावात भौतिकशास्त्राचा क्लास नसेल, तर मोबाईलच वाट दाखवतो.

म्हणजे फोन काढून घेणं हा काही उपाय नाही. फोनमध्ये जे नाही, ते घराने आणि शाळेने भरून काढायचं आहे.

उत्तर वर्ध्यातच सापडलं होतं

हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. तीच नई तालीम. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने ती प्रत्यक्षात चालवून दाखवली.

डोकं, हात आणि हृदय तिन्ही एकत्र शिकले पाहिजेत, हा तिचा गाभा. पोर कापसापासून सूत काढायचं. त्यातून गणित यायचं, कापूस कुठल्या जमिनीत येतो यातून भूगोल यायचा, कापडाच्या व्यापारातून इतिहास. आणि शेवटी हातात स्वतः केलेली वस्तू असायची. "हे मी केलं" हा आनंद कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठा. मेंदूचं आजचं शास्त्र जे सांगतं, त्याच्याशी हे जुळतं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही या विचाराने मुलं शेतीत, स्वयंपाकात, कामात शिकतात.

मोबाईलच्या अभ्यासालाही हेच जोडता येतं. क्षेत्रफळाचा व्हिडिओ बघून झाला? दोरी घ्या, पोराला घेऊन वावरात जा. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन आखा. झाला एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. हे पोरगं आता क्षेत्रफळ विसरणार नाही. टक्केवारी शिकवायची असेल तर कापसाच्या पट्टीवर शिकवा.

घरी काय करता येईल?

१. व्हिडिओ छोटा ठेवा. वीस मिनिटं झाली की थांबायचं. मग पोराने ते घरात कोणाला तरी सांगायचं, आजीला सांगितलं तरी चालेल. आजीला समजलं नाही तर पोराला कळतं, आपलं कुठे कच्चं आहे.

२. "किती मार्क?" च्या आधी "आज काय समजलं नाही?" हे विचारा. समजलं नाही असं सांगितल्यावर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

३. शेजारच्या पोराशी तुलना करू नका. "अमक्याचा बघ" याने जिद्द येत नाही, लाज येते. तुलना करायचीच तर त्याच्या मागच्या महिन्याशी करा.

४. दोन-तीन पोरं एकत्र बसवा. एकच फोन, समाजमंदिर किंवा कोणाची ओसरी. एकाला अडलं की दुसरा सांगतो, आणि आपण एकटे नाही हे कळतं. मुलींनाही त्यात जागा आणि फोनवर बरोबरीचा वेळ द्या.

५. परीक्षेची धास्ती असेल तर पेपरआधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर लिहायला सांगा. जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवलं, की असं लिहून काढल्यावर घाबरणाऱ्या मुलांची कामगिरी सुधारली. खर्च शून्य.

६. रात्री झोप होऊ द्या. दिवसाचा अभ्यास पक्का व्हायला झोप लागते. अकरा-बारापर्यंत रील बघणाऱ्या पोराला सकाळचा तास कोरडाच जातो.

गुरुजींना एक विनंती

चाचणीचे मार्क गावच्या ग्रुपवर टाकू नका. पहिल्या तिघांना कौतुक मिळतं, पण शेवटची तीन नावंही सगळं गाव वाचतं. ज्याला कमी मिळाले त्याला एकट्याला फोन करा. नाव घेऊन दोन मिनिटं बोललेलं पोराला वर्षभर पुरतं.

हे दिसलं तर दुर्लक्ष नको

पोरगं जेवत नाही, झोपत नाही, मित्र तोडले, "माझ्याने होणार नाही, मी कशाला जगू" असं काही बोललं, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, ऐकून घ्या. सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर मोफत फोन करता येतो, रात्रीबेरात्रीही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. तिथे नेण्यात लाज कसली? ताप आला की नेतोच ना.

आज रात्री पोरगं मोबाईल घेऊन बसेल, तेव्हा दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा. तुम्हाला अक्षर येत नसलं तरी चालेल. "हे काय आहे, मला समजावून सांग बरं," एवढं म्हणा. समजावून सांगता सांगता त्याला स्वतःलाच समजायला लागेल.

माहिती उपयोगी वाटली तर गावच्या आणि शाळेच्या ग्रुपवर नक्की पाठवा.