कवायतीचे व्याकरण

'कवायत' हा शब्द अरबी 'कायदा' ह्या शब्दाच्या 'कवाइद' ह्या अनेकवचनी रूपापासून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ 'नियम' इतकाच. उर्दूत हाच शब्द 'व्याकरण' ह्या अर्थीही रूढ आहे. मराठीने मात्र तो लष्करी मैदानावर नेला. ह्या दोन अर्थांचा संबंध केवळ योगायोगाचा मानणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. व्याकरण शब्दांना ओळीने उभे करते, कवायत माणसांना. हे साम्य कोठवर टिकते व कोठे तुटते, हे पाहण्यास 'द वे अहेड' हा ब्रिटिश चित्रपट फार उपयोगी पडतो.

कॅरल रीड ह्यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९४४ च्या जून महिन्यात प्रदर्शित झाला. त्याची कथा एरिक अँब्लर व पीटर उस्तिनोव्ह ह्यांनी लिहिली. ह्याच तिघांनी १९४३ मध्ये नव्या सैनिकांसाठी 'द न्यू लॉट' हा लहानसा शिक्षणपट तयार केला होता. त्याचाच हा विस्तार होय. सक्तीच्या भरतीने आलेले काही नागरिक त्यात एका पलटणीत दाखल होतात. त्यांत पार्लमेंटच्या इमारतीत भट्टी सांभाळणारा आहे, शेतमजूर आहे, भाडे वसूल करणारा आहे. एकाच मोठ्या दुकानातील वरिष्ठ व त्याचा हाताखालचा माणूसही आहे. युद्धापूर्वी मोटारींच्या गॅरेजात काम करणारा लेफ्टनंट पेरी (डेव्हिड निव्हन) व मुरलेला सार्जंट फ्लेचर (विल्यम हार्टनेल) ह्यांना ह्या विस्कळीत मंडळीतून एक तुकडी घडवावयाची असते. शेवटी ती उत्तर आफ्रिकेत शत्रूच्या दिशेने धुरात शिरते, आणि 'समाप्त' ऐवजी 'आरंभ' अशी अक्षरे पडद्यावर येतात.

भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ह्या चित्रपटात दोन बोली एकमेकींशेजारी नांदतात. एक हुकुमाची, दुसरी कुरकुरीची. सार्जंट हुकूम सोडतो व बराकीत परतल्यावर शिपाई त्याच्याविषयी कुरकुरतात. त्याच्या विरुद्ध पेरीकडे गाऱ्हाणेही नेतात. चित्रपट ही कुरकुर बंद पाडीत नाही. तिचा सूर तेवढा हळूहळू पालटतो. प्रारंभी ती प्रत्येकाची स्वतःपुरती असते, पुढे ती सर्वांची होते. लोकशाही राष्ट्राची सेना हुकुमाइतकीच ह्या कुरकुरीवरही उभी असते, असे ह्या चित्रपटाचे सांगणे आहे.

आता हुकुमाची रचना पाहू. कवायतीच्या हुकुमाचे दोन भाग असतात. पहिला सूचक भाग लांबवून उच्चारावयाचा, दुसरा कार्यकारी भाग तोडून. पहिल्याने शिपाई तयार होतो, दुसऱ्याने सर्वांची हालचाल एकाच क्षणी घडते. म्हणून क्रिया सांगणारा शब्द शेवटी यावा लागतो. इंग्रजीच्या नेहमीच्या वाक्यरचनेत क्रियापद आधी व दिशा नंतर. परंतु 'राइट टर्न' ह्या हुकुमात हा क्रम उलटा झालेला दिसतो. स्वातंत्र्योत्तर भारतीय सेनेतील 'दाहिने मुड' वा 'तेज चल' ह्या हिंदी हुकुमांना अशी उलटापालट करावी लागली नाही, कारण आपल्या भाषांत क्रियापद मुळातच वाक्याच्या शेवटी येते.

दुसरी विशेष गोष्ट रूपाची. 'मुड', 'चल', 'थम' ही नुसती धातुरूपे होत. मराठीप्रमाणे हिंदीतही एका माणसास, तेही 'तू' म्हणण्याजोग्या माणसास, आज्ञा करताना हे रूप येते. अनेकांना आपण 'चला', 'वळा', 'थांबा' असे म्हणतो. मैदानावर शंभर माणसे असली तरी त्यांना हुकूम मिळतो तो एकवचनी. अनेकांचा एक देह करण्याचे कवायतीचे सारे प्रयोजन ह्या एका रूपात सामावले आहे.

'द वे अहेड'मधील शिपायांना हुकूम व कुरकुर ह्या दोहोंसाठी एकच भाषा होती. त्याच युद्धात भरती झालेल्या मराठी तरुणाची स्थिती निराळी होती. मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र १९२२ च्या पुनर्रचनेपासून बेळगावी आहे. तेथे आलेल्या कोकणातील वा देशावरील शेतकऱ्याच्या मुलाची कुरकुर मराठीत, सेनेची व्यवहारभाषा रोमन लिपीतील उर्दू, आणि मैदानावरचा हुकूम इंग्रजी. ब्रिटिश अधिकाऱ्याला उर्दूची परीक्षा द्यावी लागे. तरीही ह्या दोन टोकांमध्ये खरा दुवा होता तो जमादार, सुभेदार व हवालदार ह्यांचा. सार्जंट फ्लेचर जे काम करतो, त्यात ह्यांना दुभाष्याच्या कामाचीही भर घालावी लागे.

परक्या हुकुमाला शिपायाच्या कानाने आपल्या परीने उत्तर दिले. पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर' ह्या प्रश्नाचे 'हुकुमदार' झाले. 'रिक्रूट'चा 'रंगरूट' झाला. अनोळखी ध्वनींत 'हुकूम', 'रंग' असे ओळखीचे शब्द शोधण्याची ही लोकव्युत्पत्तीची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. तिला अडाणीपणा म्हणणे योग्य नव्हे. हुकूम पाळतानाही शिपायाने आपली भाषा सोडली नव्हती, ह्याची ती खूण आहे.

साम्य तुटते ते येथे. व्याकरण बोलणाऱ्यांच्या परस्परव्यवहारातून घडते, कवायत बाहेरून लादली जाते. लादलेला नियम आपला केव्हा होतो, हा चित्रपटाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या इतिहासातही सापडते. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर सुमारे महिन्याभराने, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे ह्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. त्यांनी हातबाँब टाकून ती तोफ बंद पाडली. गोळ्यांचा साठा बदलण्यास वेळ नसल्याने हाती होती ती बंदूक नळीकडून धरून ते लढले, आणि जिंकलेल्या जागीच लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी त्यांना मरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हुकूम देणारे तेच. तो घेण्यास मात्र कोणी उरले नव्हते. व्याकरण न आठवता माणूस जसा बोलतो, तशी ती कृती होती. केवळ कवायतीने ती घडली असे म्हणता येणार नाही. पण हुकुमाचे शिक्षण हुकुमाच्या अभावीच कसाला लागते, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते. हा गौरव परक्या साम्राज्याच्या सेनेत मिळाला, हा पेचही अभ्यासकाने विसरू नये.

त्या युद्धाचे शब्द आपल्या जिल्ह्यातही राहिले आहेत. कल्याणजवळ तेव्हा सैन्याची मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, व १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी कल्याणच्या रिक्षावाल्यास आजही 'कॅम्प नंबर चार' असेच सांगावे लागते, आणि पत्त्यात 'सेक्शन' व 'बराक' येतात. सैनिक गेले, हुकूम थांबले. त्या शब्दांनी मात्र घरे वसविली. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ठाणे व रायगड ह्या जिल्ह्यांतील सैनिकांच्या कुटुंबांकडे जाऊन अशा शब्दांचा संग्रह करावा. हुकुमांची पुस्तके छापील रूपात मिळतात. कुरकुरीची कोणी छापलेली नाहीत. ती ज्यांनी ऐकली अशी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.