जयंतीच्या उन्हात सोड्याचे कोकम सरबत

एप्रिल-मे हे आपल्या वस्त्यांमधले कार्यक्रमांचे महिने. ११ एप्रिलची फुले जयंती, १४ एप्रिलची भीमजयंती, मग बुद्धपौर्णिमा, आणि मध्ये लग्ने व नामकरणविधी. सगळे भर उन्हाळ्यात. विदर्भात तर पारा चाळीसच्या वर असतो. मिरवणुकीतून आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी गार द्यावेच लागते. बहुतेक मंडळे कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या आणतात, नाहीतर रंग आणि साखर घातलेल्या पाण्याचा पिंप भरतात. या वेळी आम्ही तिसरा मार्ग सांगणार आहोत: फळांचा अर्क घरी करायचा आणि वाढताना त्यात साधा सोडा ओतायचा.

हे आरोग्याच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. एक कारण साखरेचे आहे. बाजारातल्या कोल्याच्या २०० मिलीच्या ग्लासात सुमारे २० ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. जयंतीच्या दिवशी लहान मूल तीन-तीन ग्लास पिऊन जाते, मधुमेह असलेली आजीही आग्रहाला बळी पडते.

दुसरे कारण आमच्या मते जास्त मोठे आहे. पंचशीलातले पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो, २२ प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरी लग्नाच्या मांडवामागे काय चालते हे घरातल्या बायकांना ठाऊक आहे. ज्याने नुकतीच दारू सोडली त्याला अशा कार्यक्रमात फार अवघड जाते. चार मित्रांत उभे राहायचे तर हातात ग्लास हवा, ग्लासात काहीतरी गार आणि झणझणीत हवे. नुसते पाणी धरून उभा राहिला की चेष्टा होते, आणि तो घरी निघून जातो किंवा मांडवामागे जातो. सोडा घातलेले आंबटगोड सरबत त्याची तलफ घालवील असा दावा आम्ही करत नाही. पण तो मांडवात थांबू शकतो. मात्र हे सरबत दारूच्या ग्लासासारख्या ग्लासात घालून ‘मॉकटेल’ म्हणून मिरवू नये. ती नक्कल ज्याने सोडली त्याला जुनीच आठवण करून देते. स्टीलचा साधा ग्लास उत्तम.

सोड्यातले बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. दाबाखाली तो पाण्यात विरघळवतात, झाकण उघडले की दाब जातो आणि वायू बाहेर पडू लागतो. जोसेफ प्रिस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने लीड्स शहरात दारूच्या भट्टीतल्या पिंपांवर साचणारा हा वायू पाण्यात मिसळला आणि १७७२ साली त्याची रीत छापून प्रसिद्ध केली. भट्टीच्या शेजारी सापडला, पण सोड्यात दारूचा थेंब नसतो. आपल्याला उपयोगाची गोष्ट अशी, की गार पाण्यात हा वायू जास्त टिकतो आणि कोमट पाण्यातून भराभर निघून जातो. साखरेचे दाणे, फळाचा चोथा, चमच्याची ढवळाढवळ यानेही तो उडतो. म्हणून अर्क गाळलेला हवा, साखर आधीच विरघळलेली हवी, अर्क आणि सोडा दोन्ही थंडगार हवेत, आणि सोडा सगळ्यांत शेवटी, ग्लास तिरका धरून ओतायचा.

पन्नास माणसांचे प्रमाण देतो, प्रत्येकी २०० मिली. पाव किलो आमसुले धुऊन दीड लिटर गरम पाण्यात दोन-तीन तास भिजत घालावीत. हाताने नव्हे, स्वच्छ डावाने किंवा रवीने चेचून गाळावे. उरलेल्या चोथ्यात पाऊण लिटर पाणी घालून पुन्हा गाळावे. दोन मोठे चमचे जिरे थोड्या पाण्यात उकळून त्याचे पाणी गाळून घालावे. जिरेपूड नको, तिने फेस वर येतो. ६०० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर विरघळेपर्यंतच ठेवावे. काळे मीठ चव पाहून घालावे, कारण काही आमसुले मुळातच खारवलेली असतात. शेवटी उकळून गार केलेले पाणी घालून सगळे मिळून अडीच लिटर करावे. एका ग्लासात ५० मिली अर्क, म्हणजे कटिंग चहाचा ग्लास साधारण अर्धा, आणि वर १५० मिली सोडा. पाऊण लिटरच्या दहा बाटल्या पुरतात. ग्लासाला १२ ग्रॅम साखर पडते. रंग घालायची गरजच नाही, कोकमाचा स्वतःचा लाल रंग पुरेसा आहे.

कोकम मिळत नसेल तिथे कैरी आहेच. उकडून गर काढावा, गूळ, वेलची, मीठ घालून मिक्सरमधून काढावे आणि मलमलच्या फडक्यातून गाळावे. न गाळता सोडा ओतला तर अर्धे पन्हे फेसाबरोबर ग्लासाबाहेर जाते. गूळही साखरच आहे, मधुमेहाच्या माणसाने गुळाचे म्हणून दोन ग्लास पिऊ नयेत. कलिंगडाचा रस पातळ असतो, त्यात निम्मा रस आणि निम्मा सोडा घ्यावा, वर लिंबू. साखर लागत नाही. फक्त कलिंगड कापण्याआधी बाहेरून धुवावे, सुरीबरोबर सालीवरची घाण आत जाते. रस त्याच दिवशी, वाढण्याच्या थोडा आधी काढावा.

आता पाणी आणि बर्फ. सरबतातून जुलाब लागतात ते बहुतेक वेळा फळामुळे नाही, या दोघांमुळे. अर्काचे पाणी खळखळून उकळावे, उकळी आल्यावर एक मिनिट तरी तसेच ठेवावे आणि झाकूनच गार करावे. बर्फाच्या लाद्या मासे आणि इतर माल टिकवण्यासाठीही करतात. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला. पण बर्फ पांढरा आहे म्हणून तो खाण्याचाच आहे असे समजू नका. गोणपाटात गुंडाळून रस्त्यावर फोडलेली लादी आम्ही तरी ग्लासात घालू देणार नाही. बर्फ ग्लासात घालायचाच नाही, हा आमचा सल्ला. मोठ्या टबात बर्फ, पाणी आणि दोन मुठी खडेमीठ घालून त्यात सीलबंद सोड्याच्या बाटल्या व अर्काचा झाकणाचा डबा तासभर बुडवून ठेवावा. मिठामुळे टब आणखी गार होतो. बाटली उघडण्याआधी तिचे तोंड चांगल्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे.

भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. कोकम, कैरी, लिंबू हे आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवले की धातू त्यात उतरतो. रंगाचे किंवा केमिकलचे जुने ड्रम धुऊन वापरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ते कितीही धुतले तरी वापरू नयेत. अर्क घ्यायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, ग्लास बुडवू नये. टेबलावर सतत दोघे जण हवेत, त्यात एक महिला मंडळाची असली तर बरे. मुलांच्या पिंपात कोणी ‘गंमत’ म्हणून काही ओतू शकणार नाही.

सोड्यावरून दोन गोंधळ होतात. बाटलीतला सोडा वेगळा आणि खायचा सोडा वेगळा. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकून फेस काढतात, तो पिऊ नये. एका चमच्यात साधारण १२०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. रक्तदाबाच्या माणसाला ते सरळ अपायकारक आहे. दुसरे म्हणजे, अननसाची साले किंवा आले साखरेच्या पाण्यात बंद बाटलीत चार-पाच दिवस ठेवून ‘नैसर्गिक सोडा’ करण्याची रीत हल्ली मोबाइलवर दिसते. तिथे यीस्ट साखर खाते आणि वायूबरोबर दारूही तयार करते. नीरेची ताडी होते तशीच. प्रमाण थोडे असेल, पण घरी मोजता येत नाही, म्हणून मुलांना आणि व्रत पाळणाऱ्यांना ते चालणार नाही. शिवाय वायू कोंडून काचेची बाटली फुटते.

पित्ताचा त्रास असलेल्यांना आणि लहान मुलांना हाच अर्क सोड्याऐवजी उकळून गार केलेल्या पाण्यात द्यावा. मधुमेहाच्या माणसासाठी साखर घालण्याआधीच थोडा अर्क वेगळा काढून डब्यावर खूण करून ठेवावी. आणि मिरवणुकीत कोणाला चक्कर आली, जुलाब लागले, तर सोड्याचे सरबत देऊ नये. त्याला ओआरएसचे पाकीट हवे. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंग तापलेले आणि माणूस बरळत असेल तर तोंडात काहीही न घालता सावलीत आणून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे.

अर्क उरला तर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो. सोडा मिसळलेले मात्र ठेवू नये, तासाभरात ते नुसते गोड पाणी होते.