घर-भूखंडात पैसा गुंतविताना

निवृत्तीच्या वेळी हाती येणारी भविष्य निर्वाह निधीची रक्कम, शेतजमिनीच्या विक्रीचे पैसे अथवा वीस-पंचवीस वर्षांची बचत यांचे काय करावे, असा प्रश्न पडला की आपल्याकडे बहुतेक कुटुंबांचे लक्ष प्रथम घराकडे किंवा भूखंडाकडे वळते. जमीन कोठे पळून जात नाही, हा त्यामागील विश्वास. तो खराही आहे. परंतु जमीन जागेवर राहिली तरी तिच्यावरील आपला हक्क जागेवर राहतोच असे नाही. इमारती बांधण्याच्या व्यवसायात असताना मी पाहिलेली बहुतेक नुकसाने पाया खोदण्यापूर्वीच, कागदांच्या पातळीवर झालेली होती.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त मुख्याध्यापक घराचा नकाशा घेऊन माझ्याकडे आले. तालुक्याच्या गावालगत त्यांनी दोन गुंठे जागा घेतली होती. पूर्ण रक्कम चुकती केली होती. हाती होता तो नोटरीसमोर केलेला करारनामा आणि एक कुलमुखत्यारपत्र. सातबारा मागविला तेव्हा असे दिसून आले, की जमीन भोगवटादार वर्ग २ ची असून सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तिचे हस्तांतरण करता येत नव्हते. बिनशेती आदेश नव्हता, मंजूर रेखांकन नव्हते. त्या जागेवर घर बांधून देणे मला शक्य झाले नाही. ही तपासणी पैसे देण्यापूर्वी केली असती तर तिला फार तर आठ दिवस लागले असते.

प्रथम हक्काची तपासणी

ग्रामीण भागातील जमिनीसाठी सातबारा उतारा आणि शहरी भागासाठी मिळकत पत्रिका हे पहिले कागद होत. सातबाऱ्यावर केवळ मालकाचे नाव वाचून थांबू नये. भूधारणा वर्ग १ आहे की वर्ग २, ‘इतर हक्क’ या सदरात कुळाची, बँकेच्या बोजाची, वारसांची वा न्यायालयीन वादाची नोंद आहे काय, हे पाहावे. तेथे दिलेल्या फेरफार क्रमांकांवरून जुने फेरफार काढावेत आणि जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली याची साखळी जुळवावी. साधारणपणे मागील तीस वर्षांचा शोध वकिलामार्फत दुय्यम निबंधक कार्यालयात घेण्याची प्रथा आहे. ती सोडू नये. बहिणींची नावे वारसनोंदीतून राहून गेलेली असणे हे वादाचे नेहमीचे कारण आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. ती करआकारणीसाठी केलेली नोंद आहे. सातबाऱ्यावरील नोंदीचा हेतूही मुख्यतः महसुली आहे. हक्क मिळतो तो नोंदणीकृत खरेदीखताने. केवळ विक्रीचा करार, कुलमुखत्यारपत्र किंवा मृत्युपत्र यांच्या आधारे स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

शेतजमिनीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राज्यातील कुळवहिवाट कायद्यांनुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन सामान्यतः परवानगीवाचून विकत घेता येत नाही. तसेच १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा लहान तुकड्यांच्या व्यवहारांवर बंधने घालतो. या कायद्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या असून त्या सर्व भागांना सारख्या लागू नाहीत. म्हणून ‘गुंठ्याने’ जागा घेण्यापूर्वी आपल्या गावास कोणती तरतूद लागू आहे, हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे; दलालाच्या शब्दावर विसंबू नये.

दुसरी तपासणी जागेची

कागद निर्दोष असले तरी जागा स्वतः पाहिली पाहिजे, आणि शक्य तर पावसाळ्यात पाहावी. उन्हाळ्यात सपाट दिसणारे मैदान हा एखाद्या नाल्याचा जुना मार्ग असू शकतो. नदीकाठच्या जागेसाठी जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा पाहाव्यात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते आणि दोन रेषांमधील पट्ट्यात निर्बंध असतात. २०१९ साली कोल्हापूर व सांगली परिसरात आलेल्या महापुराने या रेषांचा अर्थ सर्वांना दाखवून दिला.

मातीचाही विचार करावा. काळी चिकण माती पाण्याने फुगते आणि उन्हात आक्रसते. अशा जमिनीवर पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरक्या भेगा पडतात. ज्यास स्वस्त भूखंड म्हणतात, त्याचा पाया पुष्कळदा महाग असतो. शेवटी, भूमि अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. कागदावरील गुंठे प्रत्यक्षात तितकेच भरतात की नाही, हे मोजणीनेच कळते.

तिसरी तपासणी इमारतीची

सदनिका घेणाऱ्यांस २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने मोठे संरक्षण दिले आहे. १ मे २०१७ पासून राज्यात त्याची अंमलबजावणी महारेरा या प्राधिकरणामार्फत होते. नोंदणीकृत प्रकल्पाची मंजुरी, आराखडे, जमिनीवरील बोजा आणि काम पूर्ण करण्याची मुदत ही माहिती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरीददारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकाम खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामाचे दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून देणे बंधनकारक आहे.

मात्र जागेचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर प्रकल्पास नोंदणीतून सूट आहे. लहान गावांतील बहुतेक इमारती याच वर्गात मोडतात. अशा ठिकाणी मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद खरीददाराने स्वतः पाहिले पाहिजेत. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे जिल्ह्यातील शीळ फाटा येथे बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मृत्युमुखी पडली. परवानगी ही केवळ कागदी औपचारिकता नव्हे, हे त्या दुर्घटनेने फार मोठी किंमत घेऊन शिकविले.

किंमत ठरविताना चटई क्षेत्र विचारावे. जिना, गच्ची व सामायिक जागा मिळवून सांगितलेला आकडा ऐकण्यास मोठा वाटतो. राहण्यास मिळते ते चटई क्षेत्रच. काम चालू असताना एकदा तरी जागेवर जावे. स्लॅबवर आळी करून पाणी साठविले आहे काय, खांबांना ओले गोणपाट गुंडाळले आहे काय, हे सामान्य माणसासही दिसते. काँक्रीटला किमान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असल्यास दहा दिवस, सतत ओलावा मिळाला पाहिजे. येथे केलेली काटकसर पुढे गळतीच्या रूपाने बाहेर येते.

ताबा मिळाला म्हणजे सर्व झाले असेही नाही. गृहनिर्माण संस्था स्थापन होऊन जमिनीचे अभिहस्तांतरण तिच्या नावे झाले पाहिजे. विकासक ते करून देत नसल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो.

चौथी तपासणी हिशेबाची

गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याने भावनेपेक्षा आकड्यांस अधिक मान द्यावा. समजा, ४० लाख रुपयांची सदनिका घेतली आणि दरमहा १०,००० रुपये भाडे आले, तर वर्षाचे उत्पन्न १ लाख २० हजार, म्हणजे गुंतवणुकीच्या ३ टक्के होते. त्यातून मालमत्ता कर, देखभाल वर्गणी, दुरुस्ती आणि भाडेकरू नसलेले महिने वजा करावे लागतात. याच घरासाठी २० लाखांचे कर्ज २० वर्षांकरिता ९ टक्के व्याजाने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १८,००० रुपये येतो आणि एकूण परतफेड ४३ लाखांच्या पुढे जाते. भाड्यातून हप्ता फिटेल, ही समजूत अशा वेळी टिकत नाही. घराची किंमत वाढेल, ही आशा असू शकते. परंतु मुलांचे शिक्षण वा आजारपण त्या आशेवर सोपवू नये. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेवरील वस्तू व सेवा कर यांची तरतूद आधीच करावी, आणि किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच व्यवहारास हात घालावा. घर अडचणीच्या वेळी एका दिवसात विकता येत नाही.

गावात कोणी जागा घेऊ लागला की तो प्रथम शिक्षकांना, ग्रामपंचायत सदस्यांना किंवा ओळखीच्या कर्मचाऱ्याला विचारतो. ‘घेऊन टाक, भाव वाढणार आहे’ हे उत्तर सोपे आहे. त्याऐवजी त्यास सातबारा व फेरफार घेऊन बसविले, अनधिकृत प्लॉट पाडले जात असल्यास ग्रामसभेत तसे उघड सांगितले आणि विसार देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेण्याचा आग्रह धरला, तर एका कुटुंबाची जन्माची कमाई वाचू शकते. चांगली इमारत आम्ही बांधून देऊ शकतो. सदोष हक्कावर उभी राहिलेली इमारत मात्र कोणत्याही सिमेंटने मजबूत होत नाही.