मुलाचा कान वारंवार फुटतो तेव्हा

पालकहो, वर्गात हाक ऐकून न वळणारे मूल दरवेळी खोडकर नसते. त्याला कमी ऐकू येत असेल. लहानपणी नाकामागून कानाकडे जाणारी नळी आखूड व आडवी असते. सर्दीत ती बंद होते, पडद्यामागे पाणी साचते, जंतू वाढतात. ठणका थांबला तरी हे पाणी काही आठवडे राहू शकते.

कानात गरम तेल किंवा काडी घालू नये. बाळाला सपाट निजवून बाटलीने दूध पाजू नये. घरात विडीचा धूर नको. सहा महिन्यांत ३ किंवा वर्षात ४ वेळा कान दुखल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत येणारे पथक कानही तपासते. उपचार मोफत आहेत.

आम्हाला कळवावे, अशा मुलाला आम्ही पुढच्या बाकावर बसवू.