कॅमेऱ्यातून सूर्य पाहू नका

जरीपटक्याहून गोरेवाड्याच्या जंगलात सकाळी फिरायला जाताना गळ्यात कॅमेरा अडकवण्याचा छंद उत्तम. चालणे होते, मनही रमते. हिवाळा सरता सरता सागाची पाने गळतात आणि कोवळी किरणे थेट पायवाटेवर उतरतात. तो उजेड टिपण्याचा मोह मलाही आवरत नाही. मात्र यात डोळ्यांना एक धोका आहे, तो ध्यानात ठेवावा.

भिंगाने ऊन एका ठिकाणी आणून कागद जाळण्याचा खेळ आपण लहानपणी खेळलो आहोत. डोळ्यातले भिंगही तेच काम करते. कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून, विशेषतः दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्समधून सूर्य पाहिल्यास प्रकाश अधिकच एकवटतो व दृष्टिपटलाला इजा होते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, म्हणून त्या वेळी काहीच दुखत नाही. काही तासांनी मात्र नजरेच्या मधोमध डाग दिसतो, सरळ रेषा वाकड्या भासतात. यावर खात्रीचा उपचार नाही. बऱ्याच जणांची नजर काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारते. काहींचा डाग कायम राहतो.

म्हणून मी सूर्याकडे पाठ करून पानांवरचा उजेड टिपतो. चित्रात सूर्य हवाच असेल तर कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर पाहावे. तेथे केवळ प्रतिमा असते. साधा काळा चष्मा येथे पुरत नाही. डाग दिसू लागल्यास मनाने औषध घालू नये, नेत्रतज्ज्ञांना त्वरित दाखवावे.