फॉरमॅट मारला म्हणजे पुसलं गेलं?

“फॉरमॅट मारून दिलाय, आता त्यात काहीच नाही.” जुना कॉम्प्युटर विकताना, पेन ड्राइव्ह दुसऱ्याला देताना, मेमरी कार्ड बदलताना हे वाक्य इतक्या खात्रीने बोललं जातं की ऐकणारा पुढे काही विचारतच नाही. कुंभार पिंपळगावसारख्या बाजारपेठेच्या गावात तर ते सारखं कानावर पडतं. आणि ते चूक आहे.

या गावात ही चूक महागात पडू शकते. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातल्या आसपासच्या गावांतली माणसं ऑनलाइन कामांसाठी इथल्या दुकानांत येतात. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. लोकांनी आधार, सातबारा, बँकेचं पासबुक, फोटो असं सगळं काउंटरवर दिलं, ते स्कॅन झालं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर, पेन ड्राइव्हवर साठत गेलं. ती यंत्रं आता जुनी होऊन विकायला निघतात. दुकानदाराची स्वतःचीच कागदं असती तर त्याची मर्जी. ही तर शेकडो लोकांची आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलंही नाही.

फॉरमॅट मारताना होतं काय, ते पाहू. विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडलं की एक छोटी खिडकी उघडते. तिच्या तळाशी ‘क्विक फॉरमॅट’ असा चौकोन असतो आणि त्यात टिक आधीच केलेली असते. ‘स्टार्ट’ दाबलं की १६ जीबीचा ड्राइव्ह काही सेकंदांत मोकळा दिसतो. आता हिशेब करा. स्वस्तातला पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहितो असं धरलं, तर १६ जीबीवर नुसती शून्यं लिहायलाच २६-२७ मिनिटं हवीत. मग त्या काही सेकंदांत पुसलं काय? फक्त यादी. कोणती फाइल कुठे ठेवलीय याची नोंद कोरी झाली, फाइल होती तिथेच राहिली. वेशीवरची पाटी काढली म्हणून गाव उठत नाही.

फोटोरेक नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो या यादीवर अवलंबूनच नसतो. ड्राइव्ह पहिल्या सेक्टरपासून वाचत जातो आणि ओळखीच्या खुणा शोधतो. जेपीजी फोटो एफएफ-डी८-एफएफ या ठरलेल्या बाइट्सनी सुरू होतो, पीडीएफच्या तोंडाशीच पीडीएफ ही अक्षरं असतात. खूण सापडली की फाइल उचलून बाजूला ठेवतो. मूळ नाव गेलेलं असतं, त्या जागी ‘एफ’ आणि पुढे सेक्टरचा आकडा येतो. पण फाइल उघडली की समोर कुणाचं तरी आधार कार्ड, अंकासकट. यासाठी हॅकर असावं लागत नाही. संगणक शिकणारा बारावीचा पोरगा दुपारभरात करू शकतो. पटत नसेल त्याने स्वतःचाच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून त्यावर हे चालवून पाहावं.

हे जुनंच दुखणं आहे. सिमसन गारफिंकल आणि अभी शेलात या एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी सेकंडहँड बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. १२९ डिस्क चालू निघाल्या, त्यांपैकी नीट पुसलेल्या अवघ्या १२. एक डिस्क तर एटीएममधली होती. वीस वर्षं उलटून गेली तरी आपण तेच वाक्य तोंडावर फेकतो!

क्विकची टिक काढली तर? मग गोष्ट बदलते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो. एक्सपीमध्ये तो फक्त खराब जागा तपासायचा, म्हणून जुन्या एक्सपीच्या मशिनवर केलेला पूर्ण फॉरमॅटही पुसल्यात धरू नका. १ टीबीच्या फिरत्या हार्ड डिस्कला सेकंदाला १०० एमबीच्या हिशेबाने पावणेतीन तास लागतात. भारनियमनात काम अर्ध्यावर तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून करायचं. काही सेकंदांत पुसून देणारा खोटं बोलतोय असं नाही, पण त्याने पुसलेलं नाही एवढं नक्की.

दुसरा समज खास आपल्या जिल्ह्यातला. जालना म्हणजे स्टीलचं गाव, तेव्हा भंगारात दिलेलं सगळं भट्टीत जाऊन वितळणार. पण भट्टीला लोखंड लागतं. हार्ड डिस्कची बॉडी ॲल्युमिनियमची, आत सर्किट बोर्ड. त्याला वेगळा भाव, म्हणून ती आधीच बाजूला निघते. आणि चालू डिस्कला भंगारापेक्षा डिस्क म्हणूनच जास्त पैसे मिळतात. विल्हेवाट दुसऱ्यावर सोडली की बड्या बँकेचीही फसगत होते: मॉर्गन स्टॅनलीसारख्या बँकेने जुनी यंत्रं काढायचं काम डेटा नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या, सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. ग्राहकांच्या माहितीसकट काही यंत्रं ऑनलाइन लिलावात विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने तिला ३.५ कोटी डॉलर दंड केला.

आता उलट्या टोकाचे लोक. “पस्तीस वेळा पुसावं लागतं, एकदाने भागत नाही.” हा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला. तो त्या काळच्या डेटा लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींच्या (एन्कोडिंगच्या) डिस्क एकत्र धरून काढलेला होता, आणि लोक त्याचा मंत्र करून बसले अशी तक्रार पुढे गुटमन यांनीच केली. डिसेंबर २००८ मध्ये हैदराबादच्या माहिती-सुरक्षा परिषदेत मांडलेल्या प्रयोगात, वापरलेल्या डिस्कवर एकदा लिहून झाल्यानंतर जुना एक बिट ओळखण्याची शक्यता ५६ टक्के भरली, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची २०१४ ची मार्गदर्शिकाही फिरत्या डिस्कसाठी एकदाच लिहिणं साधारणपणे पुरेसं मानते. पस्तिसाच्या धाकाने माणूस कंटाळतो आणि शेवटी क्विक फॉरमॅटच मारतो, म्हणून मला या समजाचाही राग येतो.

एसएसडी आणि पेन ड्राइव्हला मात्र हा नियम लावू नका. त्यांच्या आतला कंट्रोलर चिपची झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून नवं लिखाण दुसऱ्याच जागी टाकतो, शिवाय काही जागा राखीव ठेवतो. तुम्ही वरून लिहिता ते जुन्या डेटावर पडेलच असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी २०११ मध्ये एकेक फाइल पुसण्याच्या पद्धती एसएसडीवर तपासल्या, तेव्हा ४ ते ७५ टक्के मजकूर शिल्लक सापडला. एसएसडीसाठी तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरावं आणि नंतर फोटोरेकने तपासावं. त्याच प्रयोगात एका एसएसडीने ‘पुसलं’ असं कळवलं आणि सगळा डेटा जागेवर होता. नव्या कॉम्प्युटरला पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचू न देणारं कुलूप, लावलेलं असेल तर पुढे किल्ली नष्ट केली तरी भागतं.

मोबाईलचं बऱ्यापैकी असंच आहे. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या व्हर्जनसह बाजारात आलेला फोन एन्क्रिप्टेड असतो, त्याला फॅक्टरी रीसेट चालतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अँड्रॉइड २.३ ते ४.३ चे २१ जुने फोन तपासले, तेव्हा रीसेटनंतरही डेटा निघाला होता. त्या काळचा फोन टबाच्या किंवा बादलीच्या बदल्यात देऊ नका. आणि फोन कोणताही असो, मेमरी कार्ड काढून घ्या. त्यावर रीसेटचा भरवसा ठेवू नका.

बाकीचे समज पटकन. चुंबक फिरवलं की जातं: स्पीकरच्या चुंबकाने हार्ड डिस्कला काही होत नाही, आणि चिपवर तर चुंबक चालतच नाही. पडली, भाजली, पाण्यात गेली म्हणजे संपली: २००३ मध्ये कोसळलेल्या कोलंबिया अवकाशयानातल्या एका डिस्कवरचा सुमारे ९९ टक्के डेटा परत मिळवला गेला. झेरॉक्स मशिनमध्ये काही साठत नाही: बऱ्याच मोठ्या डिजिटल मशिनमध्ये हार्ड डिस्क असते, सेकंडहँड विकण्याआधी तीही पाहा. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचंही तेच. जाळून टाकू: शिसं आणि विषारी धूर शेजाऱ्याच्या घरात जातो, हे कुणीही करू नये.

चालूच होत नसलेली डिस्क सॉफ्टवेअरने पुसता येत नाही. ती फोडावी लागते, आणि फोडायचं काय ते माहीत हवं. डेस्कटॉपची हार्ड डिस्क स्क्रू काढून उघडा आणि आतल्या चकचकीत तबकड्यांना ड्रिलने चार-पाच भोकं पाडा, वाकवा. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकडी बहुधा काचेची असते, ती तुकडे होऊन उडते. डोळ्यांना चष्मा हवाच. पेन ड्राइव्हचं टोक तोडून उपयोग नाही, आतली काळी चिप फुटली पाहिजे. मेमरी कार्ड पकडीने दोन-तीन ठिकाणी तोडा. तुकडे कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राला द्यावेत. सेवा केंद्र, पतसंस्था, शाळा अशांनी यंत्रं देताना डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं, आणि त्यावर एकेका डिस्कचा सिरियल नंबर आहे का ते तिथेच वाचून पाहावं.